अक्काचा बांधील अर्ज

बेंगळुरूची मुलगी अमेरिकेला शिकायला गेली म्हटल्यावर आता कॉम्प्युटर येणार, असं वाटलं ना तुम्हाला? नाही येणार. आमच्याकडं तेव्हा फोनसुद्धा शेजारच्यांचा होता.

मी देवनहळ्ळीला मावशीकडं राहून दहावी केली आणि बेंगळुरूत चामराजपेटला घरी आलो. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा बारावीला. जमिनीवर तिकडच्या कॉलेजांची माहितीपुस्तकं पसरून ती आम्हाला नियम सांगायची.

"एक लवकरचा अर्ज असतो बांधील. तो एकाच कॉलेजला. त्यांनी घेतलं की जायचंच, बाकीचे अर्ज मागं घ्यायचे. दुसरा लवकरचाच, पण मोकळा. त्यांनी हो म्हटलं तरी आपण नंतर नाही म्हणू शकतो."

"दोन्ही एकदम भरले तर?" मी विचारलं.

"बांधील एक, सोबत मोकळे चालतात. काही कॉलेजांना तेही चालत नाही. दोन बांधील मात्र कुठंच नाही."

आई लसूण सोलत होती. "सरी, कळलं. म्हणजे बांधील तो साखरपुडा, आणि मोकळा म्हणजे नुसतं बघायला येणं. मग मोकळाच भर की गं. नको वाटलं तर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवू."

मी लगेच नाकातून बोलणारा अमेरिकन साहेब झालो. "नो प्रॉब्लेम मॅडम, आमच्या कॉलेजला मंगळ चालतो!" अक्का हसून हसून पुस्तकांवर आडवी झाली.

खरं तर मलाही मोकळाच हवा होता. तिला नाही म्हणायला जागा राहिली असती. पण ते काही मी बोललो नाही. रोज नवा आवाज मात्र काढला. पोस्टमनचा, प्रिन्सिपॉलचा, विमानातल्या बाईचा.

तिनं बांधील भरला. त्यावर पालकांची सही लागायची. अप्पांनी दुकानात कापड मोजायचं थांबवलं, हात पुसले आणि केली. डिसेंबरात जाड पाकीट आलं, तिला घेतल्याचं. ऑगस्टात अक्का गेली.

गणपतीच्या दिवशी आई कडबू वळत होती. मी बाहेर गेलो, अक्का भिरकवायची तशा चपला दारात भिरकावल्या आणि ओरडलो, "आई, पहिला कडबू माझा हं!" आवाज हुबेहूब जमला. मलाच तो ऐकायचा होता.

आई पिठाच्या हातांनी धावत आली. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं, पार गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं.

"मेल्या, लाज नाही वाटत? सणाच्या दिवशी? ती कागद पसरून बसलेली तेव्हा साऱ्या जगाचे आवाज काढलेस. स्वतःच्या तोंडानं एकदा 'अक्का, जाऊ नको' म्हणायला काय झालं होतं तुला? हो आत! आणि त्या चपला नीट लाव!"