सोमीच्या फराकाची पट्टी

सोमीले तिचा बाप परत घेऊन आला तवा वॉर्डनबाई फाटकातच उभ्या होत्या. पोरीच्या अंगात तोच फाटका फराक. जंगलातून चालत घरी पळाली होती, दुसऱ्यांदा.

"आता पळाली तर नाव काढून टाकीन," वॉर्डनबाई म्हनल्या. बापाले मराठी कमीच समजे. मान हलवून तो गेला.

ही ऐंशीच्या सालानंतरची गोष्ट. गडचिरोलीकडल्या आश्रमशाळेत मी कामाठी होती, रोजीवर. कामाठी म्हंजे झाडनं, पानी भरनं, पोरीचे कपडे धुनं, फाटले तं शिवनं, सारंच. नवरा मेल्यावर मले हेच काम भेटलं.

सोमी काऊन पळते, ते मले माहीत होतं. बुधवारी धुनं राहे. सारे फराक एकाच निळ्या कापडाचे, ढगळे. लहानीले पायापर्यंत, मोठीले गुडघ्यापर्यंत. सुकले का एका ढिगात. मोठ्या पोरी चांगले उचलत, कितीबी शिवला तरी पुन्हा उसवनारा फाटका सोमीले राहे. ती पहिलीत. तिले गोंडीच ये. भांडन कोन्या बोलीत करन?

घरी मी बायाईचे पोलके शिवो. कापून उरलेलं कातरन गाठोड्यात बांधून ठेवो. त्यातली लाल फुलाची पट्टी काढली, एका धड फराकाच्या बाहीले झालर लावली, आन् सोमीले घालून देला. आता तिले तिचा वळखू येईन, असं वाटलं.

पुढच्या बुधवारी सगळ्यात पहिले तोच फराक गेला. चौथीतली जयवंता तो घालून खिडकीच्या काचेत पाहून राह्यली होती.

"हा सोमीचा होय वो."

"तिचं नाव लिहलं हाय का? आन् मावशी, मले झालर काऊन नाई? मी का सावत्र आहो?"

तिचंबी खोटं नवतं. एकीच्याच फराकाले शोभा आनली, तं डोळा तिथीच जाईन.

मंग गाठोडंच आनून वट्ट्यावर सोडलं. "घ्या, जिची तिनं निवडा." लय गलका झाला. जयवंतानं जरीचा तुकडा पटकावला. सोमी मांगं उभी. मी बोलावलं नाई. साऱ्या हटल्यावर आली, हिरव्या चौकड्याचा तुकडा उचलला. लाल फुलाचं उरलेलं कातरनबी होतं, त्याले हातबी नाई लावला.

"नावा," म्हने. गोंडीत नावा म्हंजे माहा.

साऱ्याईच्या बाहीले पट्ट्या लागल्या. वॉर्डनबाईनं पाह्यलं.

"मावशी, हे काय? युनिफॉर्म म्हणजे सारखा पाहिजे. तपासणीला साहेब येणार आहेत. सगळं उसवा."

"बाई, पोरी भांडत नाई यानं."

"तुम्हाला कामावर राहायचं आहे ना?"

मले राहाचं होतं. उसवल्या. मंग त्याच पट्ट्या खालच्या दुमडीच्या आतून टाचल्या. वरून पाह्यलं तं निळाच निळा.

साहेब आले, जेवले, गेले. वॉर्डनबाईले आतल्या पट्ट्या दिसल्या का नाई, कोन जाने.

त्या बुधवारी मी ढिगाजवळच बसली. जयवंतानं एक चांगला फराक वढला, दुमड उलटवली. हिरवा चौकडा निंगाला. माह्याकडं पाह्यलं, तोंड वाकडं केलं, आन् फराक सोमीकडं फेकला. "घे वो, तुहा होय." पुढं जयवंताचा सोताचा मोहाच्या झाडावर फाटला, तं कुरकुर करत तिनं तो फाटकाच घातला.

सोमी पुन्हा पळाली नाई. सुटीतच घरी जाये, बापासंगं.

तवापासून मी एकीच्याच कपड्याले झालर लावली नाई. लावाची तं साऱ्याईले, नाई तं कोनालेच नाई.