गिरणीच्या भिंतीवरचा फळा

आमच्या मामेसासऱ्यांइतका बंद दाराचा राग असलेला माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. सगळा जिल्हा मी तपासलेला नाही, तेव्हा चोख बोलायचं तर शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके म्हणतो. तेवढ्याची खात्री आहे. बायकोचे हे सख्खे मामा शेणव्याच्या पुढच्या एका गावात राहतात. भात लावायचा, आणि उरलेल्या वेळात ग्रामपंचायत काय करते ते गावाला सांगायचं, हा त्यांचा उद्योग. पंचायतीची नोटीस ऑफिसच्या पडवीतल्या फळ्यावर लागे, पण पडवीला लोखंडी जाळीचं दार आणि दाराला बहुतेक वेळ कुलूप. यावर मामांनी दुर्बीण आणली. माळशेज घाटात पक्षी बघायला आलेल्या कुणा पाहुण्याकडून मागून घेतलेली. दाराबाहेर उभं राहून ती डोळ्याला लावायची आणि नोटीस खणखणीत आवाजात वाचायची. पलीकडच्या शेतातला बैलसुद्धा चरायचा थांबे. वाटेनं जाणारी एखादी बाई विचारी, "काय मामा, बिबट्या दिसला काय?"

"बिबट्या नाय गो, ठराव दिसला. थांब, ऐकून जा."

घरातही तोच खाक्या. मामींच्या डब्यांची झाकणं काचेची, कपाटाला कडी नाही. स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट त्यांनी ओटीवर खिळ्याला टांगला होता. मामी म्हणत, "अहो, तुमची साखर गावाला कशाला?" मामांचं उत्तर ठरलेलं, "दुसऱ्याकडं मागायचं तर आपलं आधी उघडं पायजे." याचा परिणाम असा झाला की कुठल्याही लग्नात मामांनी जिलबीला हात घातला की वाढणारा पोरगा भांडं पुढे नेई. "मामा, रिपोर्ट वाचलाय आमी."

शेवटी त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज लावले. त्यातला एक मी वाचला आहे. पडवीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते आणि ती व्यक्ती कोणत्या वेळी सापडते, एवढंच त्यात विचारलं होतं. ग्रामसेवक सज्जन होता, पण त्यालाही संसार होता. त्यानं फळा काढून पिठाच्या गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकला आणि म्हणाला, "घ्या मामा, आता दुर्बीण पक्ष्यांनाच लावा."

तो मामांचा सुवर्णकाळ. दळण होईपर्यंत माणसं थांबतातच. मामा फळ्याजवळ उभे राहून गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून वाचत. सगळे ऐकत. एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती, पण मी तिला महत्त्व दिलं नाही. ऐकताना लोकांची तोंडं मामांकडे असत, फळ्याकडे कुणाचंच नसे.

मग मामांच्या घशात गाठ निघाली. कल्याणला ऑपरेशन झालं. गाठ गेली, सोबत आवाजही गेला. ते दवाखान्यात असताना फळ्यावर एक नोटीस लागली. पाण्याची टाकी वरच्या वाडीच्या डोक्यावर, टेकडीवर व्हायची होती, म्हणजे वाडीतल्या बायकांचा हंडा सुटला असता. नव्या ठरावात ती खाली रस्त्याकडेला आणली होती. तिथे काम सोपं पडतं. हरकत असल्यास मुदतीत कळवावे. मामा परत आले तेव्हा मुदत संपून टाकीचे खड्डे खणून झाले होते.

मी त्यांच्याबरोबर शहापूरला पंचायत समितीच्या ऑफिसात गेलो. आवाज गेल्यापासून मामा पाटी-पेन्सील जवळ बाळगत; तिच्यावर त्यांनी लिहिलं, 'लोकांना कळलं नाही.' साहेबांनी शांतपणे फोटो दाखवला. "फळा उघड्यावर आहे. नोटीस स्पष्ट दिसते. हरकत एकही नाही." खरंच होतं. फोटोत नोटीस वाचता येत होती आणि तिच्याकडे पाठ करून चार माणसं दळणाला उभी होती. मामा त्या फोटोकडे किती तरी वेळ बघत राहिले. फळा त्यांनीच तिथे आणवला होता.

गावात परतल्यावर वरच्या वाडीतली बारकी नावाची बाई भेटली. ती रागानं नाही, समजावल्यासारखं म्हणाली, "पण मामा, तुमी वाचलं नव्हतं ना." मामा पाटी काखेत मारून गिरणीकडे चालू लागले.

टाकी आता रस्त्याकडेला आहे. तिचं पाणी वाडीला चढत नाही. बायका खाली येऊन भरतात आणि गिरणीवरून वर नेतात. मामा फळ्याखाली बसून असतात. कुणी आलं की उठतात, नोटिशीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवतात, आणि समोरचा मोठ्यानं वाचेपर्यंत बोट काढत नाहीत. लोक कुरकुरतात. थोडे वाचतात, बाकीचे वाट बदलतात.

परवा आम्ही गेलो तेव्हा बारकी हंडा घेऊन चालली होती. मामांनी ओळीवर बोट ठेवलं. "मामा, डोक्यावर हंडा हाय. मान वर कशी करू?" ती म्हणाली. मामांनी क्षणभर विचार केला, दोन्ही हातांनी हंडा उतरवून घेतला आणि छातीशी धरून उभे राहिले. बारकी अक्षराला अक्षर लावत वाचू लागली. नोटीस लांब होती. पाणी हिंदकळून मामांचा सदरा भिजत होता. मी हंडा घ्यायला पुढे झालो, पण त्यांनी तो दिला नाही.