एक वाजताचा बॅकअप

“वायर तिनेच कापलीय. तू फक्त तसं लिहून दे,” परुळेकर काका म्हणाले.

मी अजून खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती.

गेली एकवीस वर्षं मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर आणि नेटवर्क दुरुस्त करते. राहते घाटकोपरला, कामं बहुतेक तिथून मुलुंडपर्यंत. या धंद्याने मला एक वाईट खोड लावलीय. गिऱ्हाईकाच्या पहिल्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. “मी काही केलं नाही, आपोआप बंद पडलं” असं सांगणाऱ्या माणसाच्या टेबलाखाली मला कायम उपटलेला प्लग सापडलाय.

मुलुंड पूर्वेची ही जुनी चार मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली होती. बिल्डर इमारत पाडणार आणि सगळ्यांना नव्या टॉवरमध्ये घरं देणार. कोणाला किती मोठं घर, ते आज कोणाकडे किती चौरस फूट आहेत त्यावर ठरणार. त्यामुळे मोजणीच्या यादीकडे सगळ्यांचे डोळे. परुळेकर काका सेक्रेटरी, राहायला पहिल्या मजल्यावर. खजिनदार शिर्केबाई तिसऱ्यावर. कागद एकाच्याच ताब्यात नकोत, म्हणून सभेने ठराव केला होता की सोसायटीचं फोल्डर काकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर राहील आणि त्याची कॉपी रोज दुपारी एक वाजता आपोआप बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर जाईल. दोन घरांमधली केबल डक्टमधून मीच टाकली होती. ठरावात ‘बॅकअप’ लिहिलं होतं. खरं म्हणजे कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता.

आता नऊ दिवस तो बॅकअप होत नव्हता, आणि रविवारी सभा होती.

“वायर कापलेली तुम्ही बघितलीत?” मी विचारलं.

“बघायचं काय त्यात? रोज एक वाजला की लाल अक्षरं येतात. फेल. बाई तिसऱ्या मजल्यावर बसून कारस्थानं करतात नुसती.”

मी आधी केबल बघितली. ती जिथे कॉम्प्युटरमध्ये घुसते तिथे एक बारीक हिरवा दिवा असतो. तो लुकलुकत होता. म्हणजे वायर शाबूत. मग पिंग केलं. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला हाक मारायची आणि तो ओ देतो का ते बघायचं. बाईंच्या कॉम्प्युटरने चारही हाकांना ओ दिली.

“काका, वायर ठीक आहे. वरचा कॉम्प्युटरही चालू आहे.”

काकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांचा चेहरा पडला.

लाल अक्षरं नीट वाचली. ‘ॲक्सेस डिनाइड’. म्हणजे घर सापडलं, आत माणूसही आहे, पण दार उघडत नाही. वरच्या फोल्डरमध्ये काय आहे ते इथून दिसत होतं, पण त्यात काही लिहिता येत नव्हतं. असं आपोआप क्वचितच होतं. कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन करावं लागतं.

फाईल खराब आहे का बघायला मी इथली मोजणीची यादी उघडली. काका लगेच खुर्चीतून उठले.

“ती कशाला उघडतेस? तुला फक्त कॉपी करायचीय ना?”

“फाईल बिघडलेली असली तरी कॉपी अडते कधी कधी.”

“नाही बिघडलेली. हे बघ सुजाता, रविवारच्या आत दोन्हीकडे सारखं दिसलं पाहिजे. वरचं जुनं सगळं उडालं तरी चालेल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नव्या टॉवरचं सीसीटीव्ही, नेटवर्क, सगळं कोणाला तरी द्यायचंच आहे. बाहेरच्याला कशाला?”

मी फाईल बंद केली. पण एवढ्यात पहिली ओळ वाचून झाली होती. तळमजला, गावडे, ३८९.

गावडे मावशींना मी ओळखत होते. तळमजल्यावरच्या बंद केलेल्या बाल्कनीत त्यांचं शिलाई मशीन असतं. अर्ध्या मुलुंडच्या साड्यांना त्या फॉल-बिडिंग करतात. नवऱ्यामागे त्याच बाल्कनीवर त्यांचं घर चाललं. ती बाल्कनी मोजणीत धरली तर नव्या घरात मशीनला जागा, नाहीतर मशीन विकायचं. हे त्यांनीच मला केबल टाकताना सांगितलं होतं, सुई तोंडात धरून.

बॅकअप मागितला होता तो कॉम्प्युटर बिघडला तर म्हणून. मग जुनं उडवायची एवढी घाई कशाला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. शिर्केबाई म्हणजे सत्तरीच्या, साखळीच्या चष्म्यातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या क्लार्क. मी मनात धरूनच चालले होते की सेटिंग भाच्याने किंवा जावयाने बिघडवलं असणार.

“बाई, तुमच्या फोल्डरचं कोणी काही बदललंय का? लिहायची परवानगी गेलीय.”

“गेली नाही. मी काढलीय.”

“तुम्ही?”

“का? आम्हाला येत नाही? रिटायर झाल्यावर कोर्स केलाय मी. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तू बसवलंस तेव्हा मागे उभी राहून बघत नव्हते का?”

मी ओशाळले. मग त्यांनी सांगितलं. नऊ दिवसांपूर्वी, बुधवारी, सकाळी कमिटीची मीटिंग होती. काकांनी यादी वाचून दाखवली. गावडे तीनशे एकोणनव्वद म्हणाले. मोजणीच्या दिवशी बाई स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. त्यांना चारशे एकतीस आठवत होते. त्या घरी आल्या आणि आपल्याकडची कॉपी उघडली. चारशे एकतीस.

“घड्याळात बघितलं तर एकला दहा कमी. एक वाजला की त्यांची फाईल येणार आणि ही पुसणार. मी लगेच फोल्डरचं दार लावून घेतलं.”

“पेन ड्राइव्हवर घ्यायची होतीत.”

“घेतलीय की. पण परुळेकर काय म्हणतील? म्हातारीने घरी बसून आकडा बदलला.”

बरोबर होतं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. बाई आणि मावशी जुन्या मैत्रिणी. एका आकड्याच्या जागी दुसरा टाकायला कितीसा वेळ लागतो? पहिल्या मजल्यावर संशय घ्यायचा आणि तिसऱ्यावर आला की चहा प्यायचा, असं माझ्या धंद्यात चालत नाही. चहा मी प्यायले, पण नंतर.

परत खाली गेले. बॅकअपचा प्रोग्रॅम रोज एक वही लिहितो. तिला लॉग म्हणतात. कुठली फाईल, केव्हाची, केवढी, कधी पाठवली, सगळं त्यात येतं. ती वही काकांच्या कॉम्प्युटरवर होती आणि ती आहे हे काकांना माहीत नव्हतं. त्यातली त्या मीटिंगच्या आदल्या दिवसाची, मंगळवारी दुपारची नोंद काढली. तारीख, वेळ, आकार, सगळं बाईंकडच्या फाईलशी जुळलं. म्हणजे चारशे एकतीसची यादी काकांच्याच कॉम्प्युटरवरून गेली होती. इथली यादी त्याच मंगळवारी संध्याकाळी बदलली होती.

मला राग आला. दोन्ही कॉम्प्युटरवर एकच यादी राहणार होती, आणि मधल्या मध्ये एका बाईचं शिलाई मशीन गाळलं जाणार होतं, तेही माझ्या हातून. मी वरचं कुलूप काढून “झालं काका” म्हटलं असतं तर एक वाजता सगळं साफ झालं असतं आणि मला कळलंही नसतं.

“झालं का?” काकांनी विचारलं.

“कनेक्शन होईल चालू. एक बदल केलाय. आता जुन्या कॉपीवर नवी पडणार नाही. रोजचं फोल्डर वेगळं, तारखेसकट. जुनं तसंच राहील.”

“असं करायला कोणी सांगितलं तुला?”

“बॅकअप असाच असतो, काका. आधीच करायला हवा होता. माझीच चूक.”

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “विचार कर. टॉवरचं काम मोठं आहे.”

विचार केला नाही असं नाही. जिना चढता चढता केला. मग बाईंकडची जुनी कॉपी आधी वेगळी ठेवली, कुलूप काढलं आणि सर्व्हिस रिपोर्ट लिहिला. कोण चोर, कोण साव, एक शब्द नाही. वायर शाबूत. वरच्या फाईलची तारीख अमुक, आकार अमुक, लॉगशी जुळतो. खालची फाईल त्यानंतर बदललेली. खाली सही. एक प्रत पहिल्या मजल्यावर, एक तिसऱ्यावर.

रविवारच्या सभेला मी नव्हते. बाईंनी फोनवर सांगितलं. दोन्ही याद्या आणि माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला. आरडाओरडा झाला. शेवटी आर्किटेक्टच्या माणसाला बोलावून सगळ्यांदेखत परत टेप लावली. बाल्कनी धरून चारशे एकतीस भरले. काका म्हणाले, टायपिंग मिस्टेक. असेलही. सगळ्या घरांच्या यादीत फक्त एकाच घराची, तीही सभेत तोंड न उघडणाऱ्या बाईची, आणि वाचले असते ते बेचाळीस फूट बिल्डरचे. मावशी मशीन विकणार नव्हत्या, एवढं माझ्यासाठी पुरे होतं.

टॉवरचं काम मला मिळालं नाही. वाईट वाटलं, खोटं सांगत नाही.

मी मात्र एक गोष्ट शिकले. बंद पडलेलं चालू करायच्या आधी, ते चालू झाल्यावर काय पुसलं जाणार आहे ते विचारायचं. आणि साखळीच्या चष्म्यावाल्या बाया मागे उभ्या असतील तर त्या शिकतायत हे धरून चालायचं.

परवा शिर्केबाईंचा फोन आला.

“सुजाता, येऊन जातेस का गं? बॅकअप बघायचाय.”

“काय झालं? लाल अक्षरं आली?”

“नाही. तीन महिने रोज बरोबर एक वाजता होतोय.”

“मग बघायचं काय त्यात?”

“तेच म्हणते मी,” बाई म्हणाल्या. “एकदासुद्धा बंद पडला नाही. मला काही बरं लक्षण दिसत नाही.”

मी दुसऱ्या दिवशी गेले.