आधी तिला विचारा

मी पेडगाव सोडलं त्या दिवशी मायनं माझी बॅग तीनदा उघडली आणि तीनदा भरली. पाच किलो ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आमटीसाठी येसर मसाला, आणि सगळ्यावर एक जुनं लुगडं, "तिकडं अंथरायला". विमानात इतकं वजन चालत नाही म्हणून मी सांगून दमले. ती म्हणायली, "त्यास्नी म्हणाव, माय पाठवायली." बाहेर परभणीला जाणारी जीप उभी होती. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ते ड्रायव्हरला नकाशाच्या पुस्तकात चाड देश दाखवत होते, आणि ड्रायव्हर मान हलवत घड्याळ बघत होता. माझी मोठी बहीण, आक्का, आदल्या दिवशीच सेलूहून, तिच्या सासरहून, आली होती. मी पाया पडले तर म्हणाली, "नीट ऱ्हा." एवढंच.

जीप हलली तेव्हा माय जे बोलली ते मी हसण्यावारी नेलं. ती म्हणाली, "दुनियेच्या बायांची गाऱ्हाणी ऐकायला जायलीस. इथं काय कमी हायेत का?"

काम तेच होतं, गाऱ्हाणी ऐकण्याचं. मी परभणीत नर्सिंग केलं, पाथरीच्या दवाखान्यात चार वर्षं काढली, मग एका मदत संस्थेत लागले. संस्थेनं मला चाडमध्ये पाठवलं, सुदानची लढाई चुकवून आलेल्या लोकांच्या छावणीत. तिथं बहुतेक बायका आणि लेकरंच होती. गडी मागं राहिले होते, मेले होते, नाहीतर कुठं होते ते कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं एक मोठी ताडपत्रीची खोली होती, बायकांची. तिथं पुरुषाला यायची बंदी. बायका चहा करायच्या, टोपल्या विणायच्या, आणि जिला वाटलं ती आतल्या पडद्यामागं येऊन माझ्याशी किंवा माझ्या सोबतिणीशी बोलायची. वाटेत काय झालं, सरपणाला गेल्यावर काय झालं, घरात नवऱ्यानं काय केलं. आमी ऐकायचो. दवाखान्यात जायचं का, तक्रार करायची का, की काहीच करायचं नाही, हे तिनं ठरवायचं. तिच्या होकाराशिवाय एक शब्द त्या पडद्याबाहेर जायचा नाही. हा पहिला नियम, आणि कामाला आलेल्या नव्या पोरींना तो शिकवायचं काम माझ्याकडं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

पहिले सहा महिने मला परकं असं वाटलंच नाही, याचंच आश्चर्य वाटायचं. ऊन आपल्या मे महिन्यासारखं. शेळ्या तशाच हट्टी. रेशनला ज्वारी. ते लोक तिचं घट्ट पीठ शिजवतात, त्याला असिदा म्हणतात, आणि मी भाकरी थापायला लागले की दहा बायका भोवती जमायच्या. साबणाला ते साबूनच म्हणतात, खुर्चीला कुर्सी, बातमीला खबर. आपल्याकडं निजामाच्या काळापासून तोंडात बसलेले शब्द तिथं घरचेच निघाले. मी फोनवर बाबांना सांगायचे, लय लांब आलेय असं वाटतच न्हाई. तिथंच माझा पाय घसरला. सगळं आपल्यासारखं आहे म्हणताना मी आपल्यासारखीच वागायला लागले.

तिला मी इथं हवा म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि हे लिहायला तिचा होकार मागवून घेतलाय. सोळा वर्षांची, आईवेगळी, मावशीच्या झोपडीत राहणारी. ती आमच्या खोलीत लहान मुलींना अक्षरं शिकवायची. तिचं मोडकं इंग्रजी आणि माझी मोडकी अरबी यांवर आमचं भागायचं. एका दुपारी ती पडद्यामागं येऊन बसली आणि कितीतरी वेळ तोबचं, म्हणजे अंगावर गुंडाळायच्या लांब कापडाचं, टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग बोलली. आदल्या दिवशी सरपणाला बायका पांगल्या, ती मागं राहिली, आणि त्यांच्याच वस्तीतल्या गाढवाची गाडी हाकणाऱ्या माणसानं तिच्यावर जबरदस्ती केली.

जे करायचं ते मी नीट केलं. पहिल्या तीन दिवसांत औषध मिळालं तर पुष्कळ धोका टळतो, हे तिला समजावलं. ती हो म्हणाली, मी तिला डॉक्टरबाईंकडं नेलं, सोबत बसले. तक्रार नको म्हणाली. मी म्हटलं, बरं. कुणालाच कळायला नको म्हणाली. मी म्हटलं, कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या मावशीनं मला झोपडीत बोलावलं. मी तिला खाला म्हणायचे. या बाईनं मला तापात असिदा भरवला होता, माझ्या डोक्याला तेल लावलं होतं. ती म्हणाली, पोरगी जेवत नाही, रडते, तुला काही ठाऊक आहे का? आणि मला त्या क्षणी छावणी दिसेना, नियम दिसेना. आपल्याकडं पोरीच्या जातीचं काही झालं की आधी घरातल्या थोरल्या बाईच्या कानावर घालतात. ती सांभाळून घेते, असं आपण धरून चालतो. मी हळू आवाजात, अगदी आपलेपणानं, सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी खबर आली की वस्तीतले थोर लोक झाडाखाली बसले, चहा झाला, आणि येत्या शुक्रवारी हवाचं लग्न ठरलं. त्याच माणसाशी. म्हणजे पोरीचं नाव खराब व्हायला नको.

ही माणसं रानटी आहेत असं कुणी वाचता वाचता म्हणालं असेल तर जरा थांबा. अशी बैठक मी आधी पाहिलेली आहे. आमच्या पेडगावच्या घरात, आमच्याच ओसरीवर.

तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आक्का दहावीला. मार्चचा महिना, परीक्षा चालू होती. दोन पेपरांमधल्या सुट्टीच्या दिवशी आमी दोघी चुलीसाठी पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर राहिलेल्या काड्या, आणायला गेलो. मी बोरं वेचत मागं राहिले. परत आले तर आक्का बांधावर बसलेली, मोळी सुटलेली, आणि गावातला एक ओळखीचा माणूस नाल्याकडं चाललेला. आक्का म्हणाली, कुणाला बोलू नको. मी घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या, बाबांची थोरली बहीण, आमच्याचकडं असायची आणि मला ती आईहून जवळची. आत्यानं बाबांना सांगितलं. संध्याकाळी चार जाणती माणसं बसली. काय झालं त्याला गावानं 'हात धरला' एवढे दोनच शब्द दिले. पंधरा दिवसांत आक्काचं सेलूला, दुसऱ्याच एका माणसाशी, लग्न झालं. दाजी माणूस वाईट नाही, जिनिंगमध्ये काम करतो, आक्काला कधी उणंदुणं बोलला नाही. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि सांगणारी मी होते. वीस वर्षं मी या गोष्टीभोवती नुसती फिरत राहिले. एका जागी बसवत नव्हतं. पाथरी सोडली, जिल्हा सोडला, देश सोडला, आणि शेवटी जाऊन तेच केलं.

मी आमच्या मोठ्या बाईंसमोर, म्हणजे कामाच्या प्रमुखांसमोर, उभी राहिले आणि मी काय केलं ते सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हे मला नाही, आधी तिला सांग. आणि मग तिला काय पाहिजे ते विचार." 

हवाला सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. माफी मागितली. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मी विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, लग्न नको. इथं राहायचं नाही. दुसऱ्या छावणीत माझी बहीण आहे, तिच्याकडं जायचंय, आणि मुलींना शिकवणं सोडायचं नाही. सगळं तिनं आधीच ठरवलेलं होतं. विचारणाऱ्याचीच काय ती वाट होती.

आमी त्या थोर लोकांशी घासाघीस करायला गेलो नाही. तसं केलं असतं तर पोरगी पुन्हा त्यांच्या बैठकीत, चहाच्या कपांमध्ये आली असती. बहिणीला निरोप गेला, तिचा होकार आला, आणि बुधवारी भर दुपारी औषधं नेणाऱ्या गाडीतून हवा गेली. दोन दिवस माझा जीव टांगणीला होता. शुक्रवारी वस्तीत लग्न नव्हतं. खाला माझ्याशी बोलायची बंद झाली, ते बरोबरच होतं. गाडीत चढताना हवा मला म्हणाली, "तू चांगली आहेस. पण तुला मी काही सांगणार नाही आता." तेही बरोबरच होतं.

मला पडद्यामागच्या कामावरून काढलं आणि सरपणावर टाकलं. बायका सरपणाला एकेकट्या जाऊ नयेत, ठरलेल्या दिवशी पंचवीस-तीस जणींनी मिळून जावं, पुढं-मागं राखणीला माणसं असावीत, आणि मुळात लाकूडच कमी लागावं म्हणून मातीच्या बंद चुली घालाव्यात, असं ते काम. चुली म्हटल्यावर मी खूश. पेडगावची पोरगी, चुलीत काय शिकायचंय? माझी पहिली चूल इतकी धुरकटली की एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, हिच्या गावात बायका आंधळ्या आहेत काय? मग तिनंच माती कालवली आणि मला बाजूला केलं. त्या चुलीला निम्मंच लाकूड लागायचं. सरपणाला किती वाजता निघायचं, कुठल्या वाटेनं, हेही बायकांनीच ठरवलं. आमी काढलेली वाट त्यांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढली. पुढं सहा महिन्यांत त्या गटातून कुणी मागं राहिलं नाही. मी रोज मोजायचे. अजूनही कुठं बायकांचा घोळका दिसला की मोजते.

गेल्या दिवाळीत सुट्टी मिळाली तेव्हा मी आधी सेलूला उतरले. आक्का भाकरी करत होती. दाजी कामावर, पोरं शाळेच्या मैदानावर. मी पाट ओढून बसले आणि नाव न घेता हवाचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "आक्का, तवा आत्याला मी सांगितलं होतं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. भाकरी उलटली.

"तुला काय पाहिजे होतं तवा?"

तिचा हात थांबला नाही. भाकरी फुगली, तिनं ती टोपल्यात टाकली आणि दुसरा गोळा घेतला. म्हणाली, "भूगोलाचा पेपर ऱ्हायला होता. एकच. लगीन करा म्हणलं होतं मी, पण पेपर देऊ द्या. आत्याला म्हणलं होतं. कुणी ऐकलंच न्हाई." मग तवा उतरवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आता बस. सांगते समदं. मधी बोलायचं न्हाई."

मी दिवस कलेपर्यंत बसले. मधे बोलले नाही. इतकी वर्षं माझे पाय एका जागी ठरत नव्हते, त्या दिवशी ठरले. तिनं काय सांगितलं ते इथं नाही, आणि हा मजकूर तिला वाचून दाखवल्यावर तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

तुमी जे पेडगावात राहिलात आणि जे पुण्याला, हैदराबादला, आखातात गेलात, ते मला विचारता, परत कधी येणार, घराची आठवण येत नाही का. येते. पण मला आता ओसरी आठवली की त्यावर बसलेली चार माणसं आठवतात, आणि ताडपत्रीची खोली आठवली की छातीत हलकं वाटतं. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलंय, की जिथं बाईनं सांगितलेलं तिथंच राहतं आणि तिला विचारल्याबिगर तिचं काही ठरत नाही. तसं घर पेडगावात होईल तेव्हा मी बॅग भरून येईन. तोवर अशीच इकडून तिकडं.

मी चाडला परतल्यावर पंधरा दिवसांनी मायचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती म्हणाली, "सेलूला तुमी दोघी दिवसभर काय बोलत बसल्या होता?"

मी म्हटलं, "आक्काला विचार, माय."

"आता कसं विचारू? वीस वर्सं झाली."

"तेबी तिलाच विचार."

फोन तसाच चालू ठेवून ती बाबांना विचारताना ऐकू आली, सकाळी सेलूला जायाला गाडी किती वाजता हाय.