पेशीला झाडलोट करू द्या

डाव्या हाताच्या पाठीवरची कातडी उजव्या हाताच्या चिमटीत धरायची, जराशी वर ओढायची आणि सोडून द्यायची. मग ती पुन्हा सपाट कशी होते ते चष्म्यावरून बघत राहायचं. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम दिवसातून कितीदा तरी हे करायच्या. मीटिंगमध्ये प्राचार्य बोलत असताना, पेपर तपासताना, बँकेच्या रांगेत. "काय झालं मॅडम, डास चावला का?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "न्हाई हो. वय बघून राहिले."

आरशात वय बघणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मॅडम हातावर बघायच्या. केसांना त्या न चुकता मेंदी लावत, त्यामुळे आरशाची साक्ष त्यांना चालत नसे.

नांदेडच्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवायचे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरचे पेढे यायचे. कुणाचा मुलगा पास, कुणाची बदली, कुणाकडे नातू. डबा मॅडमपुढे आला की त्या हात जोडायच्या. "दिवस कलला की माझं तोंड बंद. पेशीला झाडलोट करू द्या हो."

पहिल्यांदा मला ते कळलंच नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. "घरात सारखे पाव्हणे येत राहिले तर झाडू कवा मारायचा, ताई? तसंच आहे. आपण सारखं खात राहिलो की पेशीला सवड मिळत न्हाई. पोट जरा रिकामं राहिलं की ती आपल्या घरातलं मोडकं-तोडकं गोळा करते, मोडते अन् त्यातनंच नवं घडवते."

हे ऐकून इतिहासाचे सर म्हणाले, "मग आम्ही एकादशी करतो ते बरोबरच की." मॅडमनी त्यांच्या डब्यातल्या तुपाने चमकणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या पेशीला आज झाडू सापडायचा न्हाई." सरांनी हसत हसत खिचडी संपवली.

माझा आणि त्यांचा वर्ग लागून होता. मधली भिंत पातळ, त्यामुळे मला अर्धं प्राणिशास्त्र फुकट मिळालं. म्हातारपण शिकवताना त्या घोंगडी घेत. घोंगडीच्या टोकाला सुट्या धाग्यांच्या दशा असतात, तशा आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना असतात. पेशी दुभंगते तेव्हा दरवेळी थोडी दशा झिजते. दशा फार आखूड झाल्या की पेशी दुभंगायची थांबते. काही पेशी मरतात. काही मात्र मरत नाहीत, काम करत नाहीत, नुसत्या बसून राहतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींना त्रास देतात. एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीत लई हायेत असे." सगळा वर्ग हसला आणि मॅडमचं हसणं सगळ्यांत शेवटी थांबलं.

मला साखर निघाली तेव्हा मी घाबरून गेले होते. मॅडमनी दोन वाक्यांत निकाल लावला. "गोळ्या घ्या अन् उद्यापासून माझ्यासंगं चला. मी वाट बघणार न्हाई." त्या राहायच्या विष्णुपुरीच्या बाजूला आणि माझं घर तिथून जवळच. रोज सकाळी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही निघायचो. त्या पुढे, मी धापा टाकत मागे. माझी साखर आज आटोक्यात आहे ती त्या रस्त्यामुळे.

त्याच रस्त्यावर एकदा त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. आई रेणापूरला, भाकरीचं पीठ मळता मळता भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. डोक्यातली शीर फुटली होती. रक्तदाब वाढलेला होता, हे कुणाला माहीतच नव्हतं. मोठ्या मावशीचं तसंच, धाकटीचंही तसंच. "आमच्यात बायका पन्नाशीच्या फार पुढं जात न्हाईत," मॅडम म्हणाल्या, "अन् मी पन्नाशी गाठून राहिले."

तेव्हा मला त्यांच्या एका सवयीचा उलगडा झाला. कुणी गेल्याची बातमी आली की बाकीचे सगळे "अरेरे, कशानं?" असं विचारत. मॅडम विचारायच्या, "वय काय होतं?" साठीच्या पुढचं असलं की त्यांचा श्वास मोकळा व्हायचा. अलीकडचं असलं की पर्समधून रक्तदाबाचं मशीन निघायचं. ते त्या कायम जवळ बाळगायच्या.

"एवढं सगळं करता, मग आता कशाची फिकीर?" मी म्हटलं.

"रक्तातनं काय आलं ते आलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं आपल्या हातात. पण किती हातात, ते कुणीच छातीठोक सांगत न्हाई ना. तेवढ्यासाठीच तर चालून राहिले."

त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठं औषध झोप. रात्री नऊला फोन बंद. लग्नाच्या रात्रीच्या वराती, गणपतीची जागरणं, मुलीच्या परीक्षेआधीच्या रात्री, काही म्हणता काही त्यांची झोप मोडू शकत नसे. त्यांचे मिस्टर पाटबंधारे खात्यात होते, शांत माणूस. ते म्हणायचे, "घरात चोर आला तर त्याला हळू बोल म्हणावं लागेल."

मग त्यांचे वडील, आबा, नांदेडला आले.

आबा ऐंशीच्या घरात होते. रेणापूरला एकटेच राहायचे. आयुष्यभर गूळ, तूप, तंबाखू, सगळं मनसोक्त केलेलं. हातपाय ठणठणीत, पण डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. शेजाऱ्यांनी फोन केला की आबा भलत्याच घरात जाऊन जेवायला वाढा म्हणतात. मॅडमचा भाऊ गजानन पुण्याला. तो म्हणाला, इथे चांगली वृद्धाश्रमासारखी जागा आहे, बघतो. मॅडम त्याच आठवड्यात गाडी करून गेल्या आणि आबांना घेऊन आल्या.

आबा दिवसभर डुलक्या घ्यायचे आणि रात्री जागे राहायचे. दार उघडून बाहेर जायचे. बैल सोडायचे राहिलेत, म्हणायचे. मॅडम त्यांच्या खोलीत अंथरूण टाकून झोपू लागल्या. म्हणजे पडू लागल्या.

आधी सकाळचं चालणं बंद झालं. मी एकटी त्यांच्या घरापर्यंत जायचे, खिडकीतून त्या हात हलवायच्या, मी पुढे जायचे. मग संध्याकाळच्या पेढ्यांना हात जोडणं बंद झालं. एकदा त्यांनी दोन पेढे पाठोपाठ खाल्ले आणि इतिहासाच्या सरांना थट्टा सुचली, पण त्यांच्या डोळ्यांखालचं काळं बघून ते गप्प बसले. केसांना मेंदी लावायला वेळ कुठला? भांगातून पांढरं पुढे आलं आणि पसरत गेलं.

मला सर्वांत जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पर्समधलं ते मशीन त्यांनी बाहेर काढणं सोडून दिलं.

"मोजत का नाही?" मी विचारलं.

"काय निघंल ते ठाऊक आहे ताई. मोजलं तर करावं लागंल काहीतरी." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाचलेलं आहे मी. वरीस-वरीस आजारी माणसाचं करणाऱ्यांच्या दशा लवकर झिजतात म्हणून. मीच वर्गात शिकवते ते. तिथं शिकवताना आवाज बसतो माझा."

"मग माणूस ठेवा ना रात्रीला."

"ठेवला होता. आबा त्याला चोर समजले. काठी मारली."

त्यांची आई ज्या वयात गेली, ते वय त्यांनी त्या वर्षी गाठलं. वाढदिवस कधी आला नि गेला, कुणाला कळू दिलं नाही.

थंडी संपता संपता एका सकाळी प्रॅक्टिकल चालू असताना त्या टेबल धरून उभ्या राहिल्या. मुली मला बोलवायला धावत आल्या. मी गेले तेव्हा त्या स्टुलावर बसल्या होत्या, चेहरा घामाने डबडबलेला, आणि "काही न्हाई, काही न्हाई" म्हणत होत्या. मी त्यांच्या पर्समधून मशीन काढलं आणि दंडाला पट्टा बांधला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. आकडा बघून मी त्यांना काही सांगितलं नाही, सरळ रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, यांना रात्रीची झोप मिळाली नाही तर मी जबाबदार नाही. आईची हकीकत ऐकल्यावर ते आणखी गंभीर झाले.

मिस्टरांनीच गजाननला बोलावलं. तो रविवारी गाडी घेऊन आला. मला मॅडमनी बोलावलं नव्हतं, मिस्टरांनी बोलावलं होतं. मॅडम ऐकतील तर माझं ऐकतील, असं त्यांना वाटलं. मी गेले तेव्हा आबांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. आबा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते आणि कुठल्या लग्नाला जायचंय ते गजाननला विचारत होते.

"ताई, तू मेलीस तर यांचं कोण करणार?" गजानन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "आईचं बघितलंय ना आपण दोघांनी. मला तसं परत बघायचं न्हाई."

मीही म्हटलं, "मॅडम, जाऊ द्या. तिथे नीट बघतील." त्यांनी मान डोलावली. आत जाऊन तोंड धुतलं आणि आबांचा डबा घेऊन बाहेर आल्या. केस मोकळे सुटलेले, पुढून सगळे पांढरे.

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू उजळत गेला.

"गजूची माय," ते म्हणाले. बायकोला ते आयुष्यभर तसंच हाक मारायचे. "तुजे केस कवा पिकले गं?"

मॅडमनी डबा खाली ठेवला.

"बरं झालं," आबा म्हणाले. "मला वाटलं, तू तरणीच गेलीस. म्हातारी झालीस की. लई बरं झालं." आणि हात लांब करून त्यांनी मॅडमच्या भांगावरून बोटं फिरवली. एखाद्या चांगल्या पिकावरून फिरवावीत तशी.

मॅडम खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी डोकं तसंच आबांच्या हाताखाली राहू दिलं. गजानन उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याने काही न विचारता बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

पण झोपेचा प्रश्न तसाच होता, आणि भीतीही. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी बसून विचार केला. आबा बिथरतात ते परक्या घरात, हे मिस्टरांच्या लक्षात आलं होतं. शेवटी असं ठरलं की मॅडमनी नोकरी सोडून रेणापूरच्या घरी जायचं. तिथे आबांचा एक ओळखीचा सालगडी होता, आता म्हातारा झालेला. त्याला आबा चोर समजणार नव्हते. रात्री तो आबांजवळ झोपेल, त्याच्या पैशांचं गजानन बघेल. मिस्टर शनिवार-रविवार जातील. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "चालंल. पण शिकवणं सुटंल." त्या दिवशी त्या रडल्या त्या एवढ्या एका वाक्याला.

कॉलेजने निरोप दिला. पेढे आले. मॅडमनी एक खाल्ला. इतिहासाच्या सरांनी भाषणात झाडलोटीची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि मध्येच विसरल्यासारखं करून खाली बसले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आता नवीन मॅडम बसतात. चांगल्या आहेत. भिंतीपलीकडून त्यांचाही आवाज येतो, पण त्यात घोंगडी नसते.

गेल्या हिवाळ्यात मी एसटीने रेणापूरला गेले. फोनवर मॅडम नेहमी "ठीक आहे, मोजून राहिले, गोळी घेऊन राहिले" म्हणायच्या, पण आवाजावरून माझं समाधान होत नव्हतं. आदल्या रात्री सालगडी आजारी पडला म्हणून आला नव्हता, हे मला वाटेतच त्यांच्या शेजारणीने सांगितलं. मी भरभर चालायला लागले.

दार उघडंच होतं. दुपारचं ऊन अंगणात आलेलं. मॅडम बाजेवर आडव्या झाल्या होत्या, पाय खाली लोंबकळत, चष्मा डोळ्यांवर तसाच. आबा बाजेशेजारी जमिनीवर बसून हातातल्या टॉवेलने त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होते.

माझी चप्पल वाजली तसं त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "झोपलीय ती."

मी चप्पल काढून जवळ गेले. "कोण आहे ती, आबा?" मी हलकेच विचारलं.

त्यांनी मॅडमच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, खूप आठवायचा प्रयत्न केला.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "पण लई दमलेली हाय."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. ते माश्या हाकलत राहिले आणि मी मॅडमच्या छातीकडे बघत राहिले, ती वर होते, खाली होते, परत वर होते का, ते.