तिरक्या खिडक्यांचं विमान

भावानं बंगळुरूहून आईबाबांची विमानाची तिकिटं पाठवली आणि वर हौसेनं लिहिलं, ‘आईचा पहिला विमानप्रवास!’ झालं. आईनं मोबाईल माझ्या हातात परत दिला. "पहिला म्हणून मी त्या विमानात पाय ठेवणार नाही. कळव त्याला." तिकडे नातवाचं बारसं तोंडावर आलेलं आणि इकडे ही बाई मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये शांतपणे मेथी निवडत बसली.

आईचं म्हणणं असं, की ती लहान असताना एकदा विमानात बसली होती. तिचे वडील मुंबईत एका साहेबाची गाडी चालवायचे. साहेब एकदा फार खूश झाला आणि त्यानं बापलेकीला जुहूहून विमानानं मुंबईवर एक चक्कर मारून आणली. पुरावा म्हणजे एक काळा-पांढरा फोटो. चार पायऱ्यांच्या शिडीपाशी फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची आई, शेजारी टोपी घातलेले आजोबा, मागे विमानाचं दार आणि तीन खिडक्या. बास. चाकं नाहीत, पंख नाहीत, शेपूट नाही.

बाबांनी लग्न झाल्यापासून त्या फोटोची टिंगल केली. "हा जत्रेतला पडदा आहे. खिडक्या बघा, कशा तिरक्या काढल्यात. पेंटर पिऊन आला होता!" पाहुणे खो खो हसायचे. आई सांगायची, "आत चढ होता हो. सीटपर्यंत चढून जावं लागलं. मग विमान धावायला लागलं आणि चढ सपाट झाला." यावर तर बाबा टाळीच द्यायचे. "विमानात घाट! आणि तो सपाटपण होतो! अगं, ड्रायव्हरच्या पोरीला विमानात कोण बसवतो?" हे शेवटचं वाक्य तिला लागायचं. वडिलांवर जायचं ना ते. हळूहळू तिनं सांगणंच सोडलं आणि फोटो साड्यांच्या खाली गेला.

तिकिटांच्या दिवशी मी तो बाहेर काढला. म्हटलं, आता या विमानाचं नाव शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. हट्टीपणात मी आईवरच गेलेय.

आधी मोबाईलवर जुनी विमानं धुंडाळली. दाराजवळ अशीच शिडी असलेलं एक सापडलं, तसं मी धावत स्वयंपाकघरात गेले. आईनं चष्मा लावला आणि मान हलवली. "हे नाही. हे सपाट उभं आहे. ह्यात चढ कुठून येणार?" मी चिडले. अगं, कुठलंतरी एक मान्य कर आणि जा ना बारशाला! पण ती म्हणाली, "जे नाही ते हो कसं म्हणू?" आता हिला खोटारडी म्हणायचं का, सांगा.

मग मी स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे गेले. फोटो मोठा करून घेतला, तर खिडक्या तरी नीट दिसतील. त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि म्हणाला, "मॅडम, फोटो टेढा है. सीधा कर देता हूँ." मी म्हटलं, करो. त्यानं फोटो फिरवला. खिडक्या एका ओळीत आल्या, छान सरळ, आणि आजोबा आणि आई दोघंही मागे कलंडले! आता पडतात की मग पडतात, अशी अवस्था.

"रुको, रुको! वापस करो!"

त्यानं परत केला. माणसं ताठ उभी राहिली, खिडक्या तिरक्या झाल्या. म्हणजे फोटो वाकडा नव्हता, पेंटरही प्यालेला नव्हता. विमानच तिरकं उभं होतं!

रिक्षात बसल्या बसल्या मी शोधत सुटले. नाक वर करून उभी राहणारी जुनी प्रवासी विमानं. आणि सापडलं. डाकोटा. दोन मोठी चाकं पुढे आणि एक चिमुकलं चाक शेपटाखाली, पुढचे पाय ताठ ठेवून कुत्रं बसतं तसं. दार मागच्या बाजूला, खिडक्या तशाच चौकोनी, कोपरे गोल केलेल्या. आत शिरलं की सीटपर्यंत चढ. घर येईपर्यंत मला दम निघेना.

बाबा टीव्हीसमोर होते. मी टीव्ही बंद केला आणि मोबाईल त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी फोटो पाहिला, आईचा फोटो पाहिला, परत पाहिला. पण हार मानतील तर ते बाबा कसले! "बरं, विमान खरं. पण शिडीपाशी उभं राहून फोटो काय कुणीही काढेल. उडालीच होती कशावरून?"

मी म्हटलं, थांबा, घोडामैदान जवळच आहे. डाकोटा उडतानाचा व्हिडिओ लावला. विमान धावायला लागलं. चाकं अजून जमिनीवरच होती आणि शेपूट हळूच वर आलं. अख्खं विमान सपाट झालं, आणि मग ते उडालं.

चढ सपाट झाला, हे धावत्या विमानात बसल्याशिवाय कुणाला कळलं असतं? आई दारात उभी होती, हाताला कणीक. तिनं पदरानं डोळे पुसले. "माझे वडील घेऊन गेले होते मला," एवढंच म्हणाली.

बाबांनी व्हिडिओ परत लावला. बघून झाल्यावर चष्मा काढला आणि खालच्या आवाजात विचारलं, "मग... वरून काय काय दिसलं गं तुला?"

एवढ्या संसारात हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.

आई कणकेकडे वळता वळता म्हणाली, "आता नाही सांगायची. विमानात बसलो की सांगेन. आणि खिडकी माझी."