ज्वारी डोलली अन् चाकही रुतलं

मंडळी, आज साखरखेर्ड्यात बसल्या बसल्या मैदान मारलं!

आमच्या शंकरपटाच्या मोबाईल गेममध्ये बैलांचा छकडा धावते, मातीत चाकोरी पडते, बाजूले ज्वारी डोलते. हे सगळं मी स्क्रिप्टनं करून राह्यलो होतो. म्हणजे एकेका धांड्याचा एकेक बिंदू प्रोसेसरनंच हलवायचा. दुपारी जोडीदार सलीमचा जळगाव जामोदवरून फोन आला, "काऊन बे, हा मोबाईल हाय का इस्तरी? बैल जागचे हलून नाही राह्यले!"

मग सगळंच शेडरवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर टाकलं. बैल सुसाट! पण सलीम म्हणे, "चाकोरी दिसते, चाक मात्र वरच तरंगते."

खरंच होतं. शेडर जमीन खोल दाखवते, खोल करत नाही. चाकाले तो खड्डा माहीतच नाही!

शेवटी वाटणी केली. ज्वारी शेडरकडे, चाकाखालची माती तेवढी स्क्रिप्टकडे. संध्याकाळी सलीमच्या त्याच जुन्या मोबाईलवर छकडा उधळला, चाक रुतलं, अन् गडी फोनवरच ओरडला, "हाव बे, आता बसला हादरा!"

जे नुसतं पाहायचं ते शेडरले, ज्याच्यावर भार पडणार ते स्क्रिप्टले. तुम्ही कोणतं काम भलत्याच्याच गळ्यात घालून बसलात?